प्लगच्या वायरीत मीटर जोडा म्हणणाऱ्यांनो

रविवारी सकाळी मामांचा फोन. "अरे, मीटर गेला. आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्यात मला."

मामांची गाडी 1996 सालची मारुती 800, कार्ब्युरेटरवाली. तिला आरपीएम मीटर, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय ते दाखवणारा काटा, नाही; आणि इतकी वर्षं त्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. मग तालमीच्या ग्रुपवर मेसेज आला: "जुन्या गाडीला घरच्या घरी आरपीएम मीटर! बाजारातला कुठलाही घ्या. दोन वायरी थेट बॅटरीला, तिसरी प्लगच्या वायरीत जोडा. पेट्रोल असो वा डिझेल, सगळ्या गाड्यांना चालतो. मायलेज लिटरला 5 किलोमीटरनं वाढतं. मेकॅनिकला पैसे देऊ नका." सोमवारी तोच मेसेज ऑफिसच्या ग्रुपवर, "खूप उपयुक्त" असा शेरा मारून. म्हणून हे लिहितोय.

आधी ती तिसरी वायर. प्लगच्या वायरीत 12 व्होल्ट नसतात बाबांनो. बॅटरीचे व्होल्ट वाढवणारी कॉईल तिथं 15-20 हजार व्होल्ट पाठवते, तेव्हा कुठं प्लगच्या फटीतून ठिणगी उडते. मीटरच्या आतली बारकी सर्किट त्यापुढं किती टिकणार? मामांनी वायर सोलून जोडली, गाडी चालू केली आणि वायर नीट बसलीय का हे हातानं चाचपलं. पुढचं वर सांगितलंच आहे.

खरी जागा आहे कॉईलचं मायनस टर्मिनल. मामांच्या मीटरच्या डब्यातच कागद होता, त्यावर चित्र काढून हेच दाखवलंय: हिरवी वायर कॉईलच्या मायनसला. तो कागद डब्यातून बाहेरच निघाला नव्हता. तिथंही ठिणगीच्या क्षणी दोन-तीनशे व्होल्टचा झटका येतो, पण तेवढा सोसायलाच मीटर बनवलेला असतो. ही वायर पत्र्यातून आत घेताना रबर घातलं नाही, तर घासून सोलते. ती बॉडीला टेकली की कॉईलचा मायनस कायमचा बॉडीला जोडला जातो (अर्थिंग होतं), ठिणगी बंद आणि इंजिन बंद. गगनबावड्याच्या घाटात हे झालं तर मेसेज लिहिणारा ढकलायला येणार नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागते. प्लगच्या वायरीवरून नुसती वायर गुंडाळून चालणारे छोटे डिजिटल मीटर असतात, जनरेटरसारख्या छोट्या इंजिनांसाठी. त्यात काही सोलायचं नसतं, वरच्या वरच ठोका पकडला जातो. कुणीतरी ते कधीतरी बघितलं असणार आणि "गुंडाळा"चं "जोडा" केलं.

"कुठलाही मीटर घ्या" हेही खोटं. मामांच्या मीटरमागं 4, 6, 8 असं सिलिंडरचं बटण होतं. मारुती 800 तीन सिलिंडरची. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात 2 ठिणग्या, तीनच्यात दीड. बटण 4 वर ठेवलं तर इंजिन 4000 वर किंचाळत असताना काटा निवांत 3000 दाखवणार. म्हणजे ज्यासाठी मीटर लावला, तिथंच फसवणार.

बॅटरीला थेट जोडलं की किल्ली काढली तरी मीटर चालूच, आणि मधे फ्यूज नसेल तर सोललेली वायर पेटते. चावी फिरवल्यावरच करंट येणारी लाईन बघा आणि फ्यूज घाला. डिझेलला ठिणगीच नसते, तर कॉईल कुठून आणणार? तिथं अल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या) 'डब्ल्यू' टर्मिनलवरून चालणारा वेगळा मीटर लागतो.

मायलेजचं काय सांगू! वजनकाटा बदलला म्हणून ऊस वाढत नाही. (काटा बदलला की ऊस कमी भरतो, हे आपल्याकडं वेगळं सांगायला नको.) मीटरचा काटा बघून वेळेवर गिअर टाकला तर थोडं पेट्रोल वाचेल. पण ते पाय वाचवतो, मीटर नव्हे.

मंगळवारी उद्यमनगरातल्या वायरमनकडून दुसरा मीटर बसवून घेतला. बटण 6 वर ठेवलंय, तीन सिलिंडरच्या दुप्पट, म्हणजे काटा बरोबर निम्मं दाखवतो. मामा शेजारी बसून मोठ्यानं दुप्पट करत होते, आणि गिअर टाकायला मला उशीर होतोय म्हणून ओरडत होते.