पहिला मान गाठोडं घेऊन निघालेल्यांचा

इथे आयर्लंडमध्ये, कॉर्कजवळच्या कोव्ह बंदरात ॲनी मूरचा पुतळा आहे, सोबत तिचे दोन धाकटे भाऊ. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर स्थलांतरितांचं केंद्र उघडलं, तेव्हा पहिली नोंद झाली या मुलीची. तिथेही तिचा पुतळा आहे. दोन्ही जीन राइनहार्ट यांनी घडवलेले.

ॲनीचं पुढे काही मोठं झालं नाही. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत संसार केला, पोटची काही मुलं लहानपणीच गमावली, १९२४मध्ये गेली. २००८पर्यंत तिच्या थडग्यावर साधा नावाचा दगड नव्हता. आयर्लंडच्या दुष्काळात, १८४५ ते १८५२ या काळात, सुमारे दहा लाख माणसं मेली आणि जवळपास तितकीच देश सोडून गेली. त्या देशाने गौरवासाठी अशी मुलगी निवडली, याचा मला फार आदर वाटतो. इथले राष्ट्राध्यक्ष परदेशस्थ आयरिशांना दरवर्षी सन्मान देतात. त्यातही परमुलखात एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या मजुरांसाठी झटणाऱ्यांना जागा आहे.

२०२५च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले. भारतीय दूतावासाला सावधगिरीची सूचना काढावी लागली. तेव्हा आमच्या शेजारच्या आजी रोज संध्याकाळी माझ्या मुलीला आणायला बसथांब्यावर जायच्या. त्यांचे तीन भाऊ इंग्लंडात रस्ते खणायला गेले होते, परतला एकच. पुतळ्यांनी दगडफेक थांबत नाही, हे मला कळतं. पण आजींना कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

मुंबईत परप्रांतीयांवरून वाद पेटला की मला कोकण आठवतं. २०१७मध्ये लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा मालवण तालुक्यातल्या वराड गावाला केवढा आनंद झाला! व्हायलाच हवा होता. पण त्याच कोकणातून बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरलेले, गिरणीत राबलेले, दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपून गावी मनीऑर्डर पाठवणारे चाकरमानी? गावातली घरं त्यांच्या पैशावर उभी राहिली. आणि एकोणिसाव्या शतकात मजुरीसाठी मॉरिशसला गेलेले मराठी लोक?

परदेशस्थ मराठी माणसाच्या नावे पुरस्कार देताना आपण कंपनीचा मालक शोधतो. मला वाटतं, त्या सन्मानचिन्हावर पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेतलेला चाकरमानी असावा, आणि त्याचंच मोठं शिल्प भाऊच्या धक्क्यावर उभं राहावं, कामासाठी मुंबईत नव्याने आलेल्या कुणालाही दिसेल अशा जागी.