येऊरच्या पाठीमागची घळ : कान्हेरीला निघालेल्या ठाणेकरांसाठी

पाऊस ओसरायला लागला की ठाण्यातल्या भटक्यांच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो : ठाण्याच्या डोंगरावरच्या येऊरहून जंगलातून चालत थेट कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांपाशी उतरता येतं का? नकाशावर अंतर एवढंसं दिसतं, मग घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास का घालवायचे, असा हिशोब असतो. उत्तर आधीच सांगून मोकळं झालेलं बरं. जाऊ नका.

पहिलं कारण कायद्याचं. मधलं हे जंगल म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, लेणीही त्यातच. ते सुमारे १०३ चौरस किलोमीटरचं आहे आणि त्यातला अर्ध्याहून जास्त भाग ठाणे जिल्ह्यात येतो. म्हणून काही ते आपलं परसदार होत नाही. राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शिरणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. यूट्यूबवर कोणीतरी ‘सिक्रेट ट्रेल’ टाकला म्हणून तो वैध होत नाही.

दुसरं कारण जमिनीचं. पावसाळ्याअखेर कारवीची झुडपं डोक्याच्या वर गेलेली असतात, दहा पावलांपलीकडचं दिसत नाही आणि सगळे ओहोळ एकसारखे वाटतात. सह्याद्रीत वाट चुकली तर ओढा धरून खाली उतरा, वस्ती लागेल, असं सांगतात. इथे तो सल्ला फसतो, कारण यातले काही ओढे थेट तुळशी आणि विहार तलावात उतरतात. दोन्ही मुंबईच्या पाणीपुरवठ्याचे तलाव, त्यामुळे तिथे जायला बंदी. शिवाय दोन्हींत मगरी आहेत.

म्हणजे जायचं ते उद्यानाच्या बोरिवलीतल्या मुख्य गेटनेच. टिकुजिनी वाडी ते मागाठाणे हा ११.८ किमीचा जुळा रस्ता उद्यानाच्या पोटातून व्हायचा तेव्हा होईल. तोवर ठाण्याहून बोरिवलीची बस पकडा आणि हायवेवर नॅशनल पार्कला उतरा. सकाळी लवकर निघा. गेटपासून लेण्यांच्या पायथ्यापर्यंत साधारण ६-७ किमी डांबरी रस्ता आहे. आतली बस मिळते, चालतही जाता येतं. तिकिटं दोन लागतात, एक उद्यानाचं आणि दुसरं लेण्यांपाशी पुरातत्त्व खात्याचं. एकच काढून वर पोचलेले लोक दर रविवारी तिथे वाद घालताना दिसतात. सोमवारी सगळंच बंद.

आता मूळ मुद्दा. बहुतेक लोक ३ नंबरचं चैत्य, म्हणजे प्रार्थनेचं लेणं, बघतात, व्हरांड्यातल्या बुद्धाच्या दोन उंच मूर्तींपुढे फोटो काढतात, पायऱ्यांवर वेफर्स खातात आणि परततात. हे म्हणजे गावाच्या वेशीवरचं देऊळ बघून गाव पाहिलं म्हणण्यासारखं झालं. कान्हेरीत शंभराहून जास्त लेणी आहेत, ती मधल्या ओढ्याच्या दोन्ही अंगांनी डोंगरभर पसरली आहेत आणि इसवी सनपूर्व १ल्या शतकापासून पुढे हजारेक वर्षं इथे वावर होता. भिक्षूंनी ही जागा निवडली त्याचं उत्तर मूर्तींत नाही, पाण्यात आहे.

ते बघायचं असेल तर कुठल्याही साध्या विहाराच्या, म्हणजे भिक्षूंच्या राहण्याच्या लेण्याच्या, अंगणात उभे राहा आणि आधी वर, मग खाली बघा. वर कपाळपट्टीच्या खडकात बोटभर रुंदीच्या पन्हाळी खोदलेल्या दिसतील. डोंगरावरून येणारं पाणी ओसरीत न पडता बाजूला वळावं, ही त्यांची योजना. ते पाणी जातं अंगणाच्या कडेच्या टाक्यात. टाक्याचं तोंड लहान चौकोनी असतं, पण खाली ते खडकाच्या पोटात बरंच आत गेलेलं असतं. तोंड लहान म्हणून ऊन कमी लागतं आणि वाफ होऊन पाणी कमी जातं. चार महिने बदाबदा पाऊस आणि आठ महिने ठणठणाट अशा कोकणात प्रत्येक विहाराला स्वतःचं टाकं असणं ही चैन नव्हती. या टाक्यांच्या दानाचे लेखही इथेच कोरलेले आहेत आणि दात्यांमध्ये कल्याण आणि सोपाऱ्याची माणसं आहेत. ९व्या शतकातल्या लेखांत राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष आणि त्याचा कोकणातला मांडलिक, शिलाहार कपर्दी यांची नावं येतात. त्याच शिलाहारांचं श्रीस्थानक म्हणजे आपलं ठाणं, तेव्हा या डोंगराशी आपलं नातं येऊरच्या ढाब्यांच्या फार आधीचं आहे.

टाक्यांतलं पाणी पिऊ नका आणि मुलांना काठावर वाकू देऊ नका. वर शेवाळ तरंगतं, खोली कळत नाही, आणि काठ आतल्या बाजूला झिजून गुळगुळीत झालेला असतो.

३ नंबरला जाच, पण आत गेल्यावर खांब मोजा. ३४ आहेत, आणि सगळे सारखे नाहीत. एका रांगेत ६ आणि दुसऱ्या रांगेत ११ खांबांना घडीव बैठक आणि शीर्ष आहे, वर हत्ती आणि स्तूपपूजेचे प्रसंग आहेत. बाकीचे साधे अष्टकोनी राहिले. काम अर्धवट सोडल्याची खूण यापेक्षा स्पष्ट कुठे मिळणार? मग वर सरका. ११ नंबरच्या ‘दरबारा’त दोन लांब, बुटके दगडी ओटे दालनभर समांतर गेलेत. ३४ नंबरच्या लेण्यात छतावर बुद्धाचं अपुरं राहिलेलं चित्र आहे, ते मान वर केल्याशिवाय दिसत नाही आणि निम्मे लोक तसेच निघून जातात. ४१ मध्ये अकरा मुखांचा अवलोकितेश्वर बोधिसत्त्व आहे. ९० मध्ये पारशी प्रवाशांनी ११व्या शतकाच्या सुरुवातीला कोरलेले पहलवी, म्हणजे जुन्या इराणी भाषेतले, लेख आहेत, ते शोधायला वेळ द्यावा लागतो. टॉर्च सरळ मारला तर अक्षर सपाट दिसतं. भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरका धरा, कोरीव रेघांना सावली पडते आणि अक्षर उठून येतं. भिंतीवर खडू, पाणी किंवा बोट फिरवून अक्षर ‘उठवायला’ जाऊ नका. आणि वटवाघळं असतील त्या दालनात टॉर्चही नको, फ्लॅशही नको.

ओढ्याबद्दल थोडं सविस्तर, कारण माणसं अडकतात ती इथे. वरचा डोंगर बराचसा उघडा खडक आहे, पाणी मुरायला माती कमी. त्यामुळे जोराची सर आली की पाणी थांबत नाही, सरळ घळीत येतं. आपल्या डोक्यावर ऊन असताना वरच्या अंगाला पाऊस पडत असू शकतो. पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा काटक्या-पानं वाहून यायला लागली की लगेच काठावर या, पलीकडच्या मित्रांसाठी थांबू नका. जुलै-ऑगस्टच्या मुसळधार दिवसांत घळीत उतरूच नका. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर मात्र उत्तम : ओढा वाहता असतो आणि वाटा मोकळ्या. पायऱ्या खडकातच खोदलेल्या, बाहेरच्या बाजूला उतरत्या आणि शेवाळलेल्या. फ्लोटर्सनी घात होतो, खोल नक्षीच्या रबरी तळाचे बूट घाला, आणि उतरताना पाऊल आडवं टाका. माणशी दोन लिटर पाणी, चार तास, ही किमान तयारी.

प्राण्यांत सगळ्यात त्रासदायक माकडं, बिबट्या नव्हे. त्यांना प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज ओळखू येतो. खाणं सॅकच्या आत, चेन बंद, हातात काही नको. आग्या मोहोळ उंच कातळाला असतं, तिथे सिगारेट आणि भडक परफ्यूम टाळा. चितळ, भेकर सकाळच्या रस्त्यावर दिसू शकतात. ओढ्याकाठी माणसाने वाजवल्यासारखी शीळ आली तर तो शीळकरी कस्तूर. त्याला मोबाइलवर त्याचीच शीळ ऐकवून बोलावणं हा प्रकार बंद व्हायला हवा. कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. २०२४ मध्ये फुलून गेली, आता २०३२, तेव्हा कोणी ‘यंदा बहर’ म्हणून पोस्ट टाकली तर दुर्लक्ष करा.

बिबटे आहेत, कॅमेऱ्यांच्या मोजणीत पन्नासच्या आसपास. दिवसा, माणसांच्या वर्दळीत ते सहसा समोर येत नाहीत. आलाच तर पळू नका, वाकू नका, लहान मुलांना उचलून घ्या आणि त्याला जायला वाट ठेवा. खरी भानगड येऊरच्या बाजूला आहे. बंगल्यांतल्या पार्ट्यांची उष्टी उघड्यावर पडतात, त्यावर कुत्री जगतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. मग ‘बिबट्या वस्तीत शिरला’ म्हणून बातमी होते आणि अंधारात पायी जा-ये करणाऱ्या पाड्यांवरच्या लोकांना जीव मुठीत धरून राहावं लागतं. शनिवारी रात्री तिथे डीजे लावणाऱ्याला याची झळ बसत नाही.

एक शेवटचं, आतल्या बसची परतीची वेळ उतरल्या उतरल्याच विचारून ठेवा. ती चुकली तर ६-७ किमी पायपीट करून गेट गाठायचं, आणि तेही उद्यान बंद व्हायच्या आत. त्यापुढे घोडबंदर आहेच. रविवारी सातच्या आत गायमुखचा घाट ओलांडलात तर नशीब समजा.