आजी म्हणजे पाळणाघर नव्हे

नातवंडं सांभाळणाऱ्या आजी-आजोबांना तुमच्या लेखात ‘घरचं पाळणाघर’ म्हटलंय, ते मनाला लागलं. आम्ही दोघं रत्नागिरीत नोकरीला, घर जवळच्या गावात. मुलगी सासूबाईंच्या अंगाखांद्यावरच वाढली. गेल्या मे महिन्यात त्या दोघी खळ्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडत बसल्या होत्या. बिया वेगळ्या, सालं वेगळी. सालं मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची. “घाई नको गो, ऊन आपलं काम करतं,” सासूबाई सांगत होत्या. एरवी पाच मिनिटं एका जागी न टिकणारी पोर तासभर बसली होती!

पण सासूबाईंचे गुडघे दुखतात हे आम्हाला फार उशिरा कळलं. त्या बोलल्याच नाहीत. आता संध्याकाळी सहानंतर मुलगी आमच्याकडे, आणि रविवार त्यांच्या भजनाचा.

आणखी एक. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात निर्वाहाची जबाबदारी सज्ञान नातवंडांवरही येते. बक्षीसपत्रात, म्हणजे मालमत्ता भेट देण्याच्या दस्तात, सांभाळाची अट लिहिली असेल आणि ती मोडली, तर या कायद्याखालचं न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकतं. आमच्या वाडीत दोन आजींनी अट न लिहिताच घर नावावर करून दिलंय, त्यांची फार काळजी वाटते.