फ्यूज बदलला की कन्सोल चालू? थांबा जरा

अमेरिकेहून मामाने आणलेला गेम कन्सोल इथल्या सॉकेटमध्ये लावला, ‘फट्’ झालं, जळका वास सुटला आणि सगळं गप्प. अशा वेळी कामी येईल म्हणून एक मेसेज सारखा फिरत असतो. त्यात म्हटलंय: यात फक्त फ्यूज उडालेला असतो, तो बदला, नसेल मिळत तर तांब्याची तार टाका, प्लग काढला की आत हात घालायला भीती नाही, दुसरा अडॅप्टर घेताना अँपिअर तंतोतंत तेवढेच बघा, जास्त झाले तर बोर्ड जळेल, आणि यापुढे छोटा कन्व्हर्टर लावून बिनधास्त खेळा. या पाचांतलं एकही जसंच्या तसं खरं नाही, आणि दोन तर जिवावर बेतणारी आहेत.

आधी फ्यूज. तिकडे घरात 120 व्होल्ट, आपल्याकडे 230. पॉवर सप्लायमध्ये शिरल्याबरोबर ही वीज ब्रिज रेक्टिफायरमधून (चार डायोडांची जोडणी) डीसी होते आणि मोठ्या कपॅसिटरवर साठते. अमेरिकेत त्यावर साधारण 170 व्होल्ट साठतात, इथे 325. फक्त 120 साठी बनवलेल्या सप्लायमध्ये हा कपॅसिटर बहुधा 200 व्होल्टचा असतो. मग तो फुगतो किंवा फुटतो, नाहीतर पुढचा मॉसफेट, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर, शॉर्ट होतो आणि जाताना ब्रिजलाही घेऊन जातो. या सगळ्यानंतर फ्यूज उडतो. म्हणजे त्याने आपलं काम केलेलं असतं, बिघाड पलीकडे बसलेला असतो.

मग ‘फ्यूज बदलला आणि चालू झाला’ म्हणणारे खोटं बोलतात का? नाही. बऱ्याच सप्लायमध्ये फ्यूजनंतर लगेच एक चपटी गोल चकती असते, व्हॅरिस्टर. व्होल्टेज मर्यादेपलीकडे गेलं की ती स्वतः शॉर्ट होते, फ्यूज उडवते आणि मागचा संसार वाचतो. कधी तर ती फुटून सर्किटमधून बाजूलाच होते. अशा नशीबवानाचा सप्लाय नव्या फ्यूजवर, अर्थात योग्य व्होल्टेजला, पुन्हा उठतो. त्याचं नशीब मेसेजमध्ये सगळ्यांचा नियम होऊन बसलं.

आपलं नशीब कुठलं, हे काचेचा फ्यूज बऱ्यापैकी सांगतो. काच स्वच्छ आणि आतली तार मधोमध तुटलेली, तर ताण थोडा होता. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल तर आत दणदणीत शॉर्ट आहे, नवा फ्यूज घालून तोही घालवू नका. मल्टिमीटर घ्या. ब्रिजचे चारही डायोड तपासा, मॉसफेटचे ड्रेन आणि सोर्स हे दोन पाय बघा. मीटरची टोकं उलटसुलट लावूनही बीप वाजत राहिली तर चोर सापडला. पण सुटे भाग बदलल्यावरही थेट मेनवर लावायचं नाही. आधी सिरीज लॅम्प: 60 किंवा 100 वॅटचा जुना, तारेचा पिवळा बल्ब लाइनमध्ये घालायचा. क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. भक्क पेटून राहिला तर शॉर्ट अजून आत आहे. एलईडी बल्ब इथे कुचकामी. माझ्याकडे दोन जुने बल्ब केवळ यासाठी जपून ठेवलेत आणि घरच्यांना ते अडगळ वाटतात.

तांब्याच्या तारेबद्दल फार बोलायला नको. शॉर्ट असलेल्या सप्लायवर तार टाकली की जळायचं काम बोर्डावरचे ट्रॅक करतात, आणि कधी घराचं वायरिंग.

प्लग काढल्यावर धोका नाही, हे वाक्य लिहिणाऱ्याने उघडा सप्लाय पाहिलेला नसावा. त्या मोठ्या कपॅसिटरवर 300 च्या वर व्होल्ट प्लग काढल्यावरही राहू शकतात. सप्लाय मेलेला असेल तर जास्तच, कारण चार्ज ओढून घेणारं पुढचं सर्किटच बंद पडलेलं असतं. मीटर डीसीवर ठेवून मोजा, 5 वॅटच्या दोन-अडीच किलोओहमच्या रेझिस्टरमधून उतरवा, पुन्हा मोजा. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी काढायची मर्दुमकी मी एकदा केली आहे. टोक वितळलं आणि दहा मिनिटं कानात शिट्टी वाजत होती.

अँपिअरचं तर मेसेजने उलटंच सांगितलंय. अडॅप्टरवरचा आकडा म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकेल ते. कन्सोल त्याला लागतो तेवढाच करंट ओढतो. कमी चालत नाही, जास्त चालतो. सुरुवातीच्या एक्सबॉक्स 360 ची ‘वीट’, म्हणजे विटेएवढा अडॅप्टर, 203 वॅटची होती, पुढच्या मॉडेलांना 175 आणि मग 150 ची आली. मोठी वीट नंतरच्या मॉडेलला लावली म्हणून ते जळत नाही. जुळायला हवेत ते व्होल्ट, एसी की डीसी, आणि पिनची पोलॅरिटी. जुन्या अमेरिकन सुपर निन्टेंडोला आणि सेगाच्या पहिल्या मेगा ड्राइव्हला मधली पिन निगेटिव्ह लागते, बाजारातले बहुतेक अडॅप्टर नेमके उलटे. जुने कन्सोल मारतो तो हा उलटेपणा.

राहिला कन्व्हर्टर. मुठीत मावणारा, वर ‘1600 वॅट’ छापलेला डबा हेअर ड्रायरसारख्या तापणाऱ्या वस्तूंसाठी असतो. तो वीज कापून-कापून सोडतो. कन्सोलला हवा खरा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर, हातात घेतल्यावर जड लागणारा. 203 वॅटच्या विटेला 500 व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर) घ्या. आणि आधी लेबल वाचा. प्लेस्टेशन 4, 5, एक्सबॉक्स वन एस, स्विचचा अडॅप्टर हे 100 ते 240 व्होल्टवर चालतात, त्यांना फक्त पिन बदलावी लागते. 360 ची अमेरिकन वीट मात्र तिकडच्याच व्होल्टेजची. ती जळली तर कन्सोल बहुधा ठणठणीत असतो. वीट उघडत बसू नका; मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत 230 व्होल्टवर चालणारी वीट शोधा, पण जाताना कन्सोल सोबत न्या, कारण मॉडेलगणिक सॉकेटच्या खाचा वेगळ्या आहेत.