थेट विचारा, आणि पुन्हा विचारा

निकालाच्या दिवसांत भारतातल्या बातम्या इथे ब्रिटनमध्ये बसून वाचतानाही छातीत धस्स होतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे आणि त्यात महाराष्ट्र सर्वांत पुढे. मग वाद पेटतो: दोष क्लासवाल्यांचा, आईबापांचा की मोबाइलचा? पण नापास होणं हे बहुतेकदा निमित्त असतं. त्याआधी नैराश्य, छळ, मारहाण, व्यसन, उडालेली झोप असं बरंच साचलेलं असतं. पूर्वी केलेला प्रयत्न हा सगळ्यांत गंभीर इशारा, आणि नेमका तोच 'झालं गेलं' म्हणून घरात झाकला जातो.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक नेमायला सांगितलं. हे फार चांगलं झालं. पण त्या समुपदेशकाने प्रश्नावली भरून घेऊन मुलांना 'धोका कमी', 'धोका जास्त' असे शिक्के मारू नयेत. आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या इथल्या 'नाइस' संस्थेने २०२२ मध्येच अशा प्रश्नावल्यांच्या गुणांवरून भाकीत करू नका असं स्पष्ट सांगितलं. कारण इथे मानसिक उपचार चालू असताना ज्यांनी जीव दिला, त्यांतल्या बहुतेकांच्या कागदावर शेवटच्या भेटीत 'धोका कमी' असंच लिहिलेलं होतं.

त्यापेक्षा शांतपणे, एकट्यात विचारावं: "तुला जगणं नको वाटतंय का? जीव द्यायचा विचार मनात येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. उत्तर 'हो' आलं तर रागावू नये, शपथ घ्यायला लावू नये. शपथेने मूल वाचत नाही, फक्त पुढच्या वेळी गप्प बसतं. 'कुणाला सांगणार नाही' असं वचनही देऊ नये.

मग त्याच्याबरोबर बसून, त्याच्याच शब्दांत एका कागदावर लिहावं: वाईट वाटायला लागल्याची खूण कोणती, तेव्हा एकट्याने काय करता येतं, कुणाकडे जाऊन बसता येतं, रात्री दोनला कोणाला फोन करायचा, डॉक्टर कोण. आणि त्याच दिवशी घरातली औषधं, शेतीची रसायनं कुलपात जावीत, किल्ली मोठ्यांकडे. जीव देण्याची तीव्र ऊर्मी पुष्कळदा थोड्या वेळात ओसरते. तेवढा वेळ साधन हाताशी नसलं की जीव वाचतो.

ब्रिटनचं सगळंच उचलावं असं मुळीच नाही. इथे मुलांना मानसोपचारासाठी कित्येक महिने थांबावं लागतं. भारतातल्या पुष्कळ घरांत रात्री शेजारी झोपायला कुणीतरी असतं, ही फार मोठी जमेची बाजू आहे. धोका आत्ताच दिसत असेल तर मुलाला क्षणभरही एकटं न सोडता थेट रुग्णालयात न्यावं. एरवी १४४१६ हा 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास मोफत चालतो आणि मराठीत बोलता येतं. तो त्या कागदावर ठळक लिहावा. रुग्णालयातून घरी आल्यावरचे पहिले काही दिवस सर्वांत नाजूक असतात. तेव्हा रोज, ठरलेल्या वेळी, तोच प्रश्न पुन्हा विचारावा.