‘सेटिंग भारतीय करा, तारखांची काळजी सोडा’: एक प्रतिवाद

सोलापुरात चादर-टॉवेलचे कारखाने आणि सूत व्यापाऱ्यांचे हिशेब सांभाळणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला फिरतो आहे: डेटाबेसचे प्रादेशिक सेटिंग एकदा भारतीय केले की तारखा दिवस-महिना-वर्ष अशाच साठतात; तेही जमत नसेल तर तारखेचा रकाना सरळ टेक्स्ट, म्हणजे साध्या मजकुराचा, ठेवावा.

पहिले विधान मुळातच चुकीचे आहे. डेट प्रकारच्या रकान्यात तारीख आकड्याच्या रूपात साठते. पोस्टग्रेस हा डेटाबेस त्यासाठी 4 बाइट वापरतो, मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस 3. सेटिंग ठरवते ते एवढेच, की टाइप केलेल्या मजकुराचा अर्थ कसा लावायचा आणि तारीख दाखवायची कशी. मायएसक्यूएलमध्ये तर असे सेटिंग चालतच नाही.

‘एकदा केले की झाले’ हेही खरे नाही. पोस्टग्रेसमधील डेटस्टाइल हे तारखेचे सेटिंग सर्व्हर, डेटाबेस, वापरकर्ता आणि सेशन (म्हणजे डेटाबेसशी झालेली एक जोडणी) अशा कोणत्याही पातळीवर बदलता येते, आणि त्यात सेशनचेच चालते. सोलापूरच्या जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या गर्दीत एखाद्या काउंटरचे सेशन महिना आधी धरत असेल, तर 12/01/2024 चे बिल मुकाट्याने 1 डिसेंबरला जाऊन बसते. दुसऱ्या दिवशीच्या 13/01 ला मात्र डेटाबेस त्रुटी दाखवतो, ऑपरेटर तेवढी एक नोंद दुरुस्त करतो आणि आदल्या दिवसाची बिले तशीच राहतात.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये तर हा सल्लाच घात करतो. तेथे डेटफॉरमॅट हे तारखेचा क्रम ठरवणारे सेटिंग दिवस-महिना-वर्ष असे केल्यास जुन्या डेटटाइम प्रकारात ‘2024-01-12’ ही निर्धोक समजली जाणारी तारीखसुद्धा 1 डिसेंबर अशी वाचली जाते. ‘20240112’ असे सलग लिहिले तर ही चूक होत नाही. नव्या डेट प्रकारातही होत नाही.

टेक्स्ट रकान्याविषयी बोलायचे तर तो 31-02-2024 सुद्धा निमूटपणे स्वीकारतो. शिवाय तुलना अक्षरांची होत असल्याने 01-04-2024 ही तारीख 31-03-2024 च्या आधी लागते, आणि 01-04-2024 ते 30-04-2024 मधील बिले मागितल्यास 15-08-2023 चे बिलही यादीत येते. मार्चअखेरची उधारी अशा यादीवरून काढणाऱ्याचे धाडस मानले पाहिजे.

ग्राहकाला बिलावर 12-01-2024 असेच दिसावे, ही अपेक्षा रास्त आहे. पण ते काम छपाईच्या वेळी पोस्टग्रेसमधील टू-कॅर किंवा मायएसक्यूएलमधील डेट-फॉरमॅट या फंक्शनने करावे, आणि रकाना डेट प्रकाराचाच ठेवावा.