रोमन बंदरं आणि मामाचा स्लॅब

मामाने परवा रात्री साडेअकराला फॉरवर्ड टाकला. रोमन लोकांनी समुद्राचं पाणी घालून काँक्रीट केलं, त्यांची बंदरं 2000 वर्षांनीही जशीच्या तशी आहेत, तो फॉर्म्युला विज्ञानाला अजून सापडलेला नाही, आणि त्यांचं बाया नावाचं शहर पापामुळे एका रात्रीत बुडालं. असले रोज दहा येतात, मी उघडतही नाही. पण याच्याखाली मामाने लिहिलं होतं, "पुढच्या आठवड्यात स्लॅब आहे, खाडीचं पाणी फुकट मिळतंय, टँकर कशाला मागवू?"

म्हणून आधी पाण्याचं, बाकीचं थांबेल, स्लॅब थांबणार नाही.

अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. 2017 साली मेरी जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोमन धक्क्यांचे नमुने तपासले, तेव्हा दिसलं की समुद्राचं पाणी आत झिरपत राहून त्यात नवे स्फटिक तयार झाले, टोबरमोराइट वगैरे, आणि काँक्रीट उलट घट्ट झालं. पण ते काँक्रीट म्हणजे चुना आणि इटलीत नेपल्सच्या आखातातली ज्वालामुखीची राख, त्यात दगडांचे तुकडे. सिमेंट नाही आणि मुख्य म्हणजे आत एकही सळई नाही! तुझ्या स्लॅबमध्ये सळयांचा अख्खा पिंजरा आहे मामा, आणि मीठ सळईला गंजवतं, गंज फुगतो, मग आतून काँक्रीट फुटून खपल्या पडायला लागतात, किनाऱ्यावरच्या जुन्या इमारतींच्या बाल्कन्या खालून बघ एकदा. आपल्याकडच्या काँक्रीटच्या सरकारी कोडमध्ये, आयएस 456 मध्ये, सळईवाल्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत चालतं आणि समुद्राच्या पाण्यात ते साधारण 19,000 असतं. खाडीत गोडं पाणी मिसळतं म्हणशील, तर किती मिसळायला लागेल ते तूच हिशोब कर. त्याच कोडमध्ये समुद्राचं पाणी मिक्सिंगला आणि क्युरिंगला दोन्हीला वापरू नका असं लिहिलंय, म्हणजे स्लॅबवर मारायलाही नाही.

फॉर्म्युला हरवला म्हणे. व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुकाराने लिहून ठेवलाय की, समुद्रातल्या बांधकामाला दोन भाग राख आणि एक भाग चुना. 2004 मध्ये संशोधकांनी इटलीत ब्रिंडिसीला तशाच पद्धतीने पाण्यात एक ठोकळा ओतूनही बघितला.

जशीच्या तशी बंदरं? हेरोद राजाने आजच्या इस्रायलमधलं सिझेरियाचं बंदर बांधताना हीच राख पार नेपल्सकडून जहाजाने नेली. त्याचे लाटा अडवणारे बांध आज पाण्याखाली आहेत आणि एका बांधाच्या वर फुटलेल्या जहाजातल्या शिशाच्या लगड्या सापडल्या, त्यावर रोमन बादशहा डोमिशियनचं नाव, म्हणजे बांधून शंभरेक वर्षंच झाली होती आणि त्यावर जहाज आपटून फुटत होतं. रोमच्या पोर्टुस बंदराचं तर उलटंच, ट्रेजन बादशहाने बांधलेलं तिथलं षट्कोनी बंदर आता समुद्रापासून काही किलोमीटर आत आहे, टायबर नदीच्या गाळाने किनाराच पुढे सरकला. जे टिकलं त्याचे फोटो फिरतात, जे गेलं त्याचा फोटो कोण काढणार?

आणि नेपल्सजवळच्या बायाचं पाप. तिथली जमीन ज्वालामुखीवर बसलीय, हळूहळू खाली जाते, वर येते. शेजारच्या पोझ्झुओलीत रोमन बाजाराचे तीन संगमरवरी खांब उभे आहेत आणि जमिनीपासून बरंच वरपर्यंत समुद्री शिंपल्यांनी त्यांना भोकं पाडलेली दिसतात, म्हणजे ते आधी बुडाले आणि मग पुन्हा वर आले. 1982 ते 84 मध्ये पोझ्झुओलीची जमीन 1.8 मीटर वर आली, मग ते काय पुण्य म्हणायचं का?

एवढं सगळं मामाला टाइप करून पाठवलं. मामी म्हणाली टँकर सांगितलाय. मामाचा रिप्लाय आला, "बरं, मग गूळ आणि बेलफळ घातलं तर?"